पान वाढण्याआधी

‘साधं पाणीसुद्धा विचारलं नाही.’ सातारा-सांगलीकडे एखाद्या घराविषयी याहून कडू बोल नाही. आहेर हलका दिला, मानपानात कमी-जास्त झाले, रस्सा पातळ निघाला, हे माणसे दोन-चार वर्षांत विसरतात. पाणी न विचारलेले घर पिढीभर लक्षात राहते. सोयरीक जुळवायला गेलेली मंडळी परतली की घरच्या बायका पहिली चौकशी याचीच करतात. गेल्या गेल्या पाणी आले का, कुणी आणले, सोबत गूळ होता का, चहा किती वेळाने आला? मुलाची शेती किती आणि नोकरी कुठे, हे त्यानंतर निघते.

या पुस्तकाचा विषय ती पहिली वीस-पंचवीस मिनिटे आहे. पाहुणा उंबरा ओलांडतो तेव्हापासून ‘पाने वाढली, चला’ अशी हाक येईपर्यंत त्याच्या हातात काय दिले जाते, ते कसे करतात आणि का देतात, एवढेच. आज मंगल कार्यालयाच्या मेनूकार्डावर या भागाला ‘वेलकम ड्रिंक’ आणि ‘स्टार्टर’ म्हणतात. नावे नवी आहेत आणि नावांबरोबर पदार्थही बाहेरून आले. पण हा मधला वेळ आपल्याकडे पूर्वीपासून होता आणि तो भरण्याची आपली रीत होती. पुष्कळ घरांत ती अजून आहे. तिच्याकडे स्वयंपाकाचा भाग म्हणून फारसे कुणी पाहिले नाही, कारण तिच्यात शिजवायचे थोडे आणि समजायचे जास्त असते.

सुरुवात गूळ-पाण्यापासूनच करायला हवी. आलेल्या माणसाला आधी पाय धुवायला पाणी, मग ‘टेका पाव्हणं’ म्हणून घोंगडी किंवा पाट, आणि लगोलग तांब्या-फुलपात्र व ताटलीत गुळाचा खडा. उन्हातून चालत आलेल्याने घटाघटा पाणी पिऊ नये, आधी खडा तोंडात विरघळू द्यावा, असे म्हातारी माणसे सांगत. त्यामागचा हिशेब सरळ आहे. चालण्याने अंगातली साखर खर्च होते, ती गुळातून लवकर मिळते. आणि खडा चघळण्यात जो वेळ जातो त्यात छातीचा भाता खाली बसतो. आमच्या घरी गुळाबरोबर ओंजळभर भाजलेल्या शेंगाही असत. शेंगा सोलण्यात हात गुंतले की अनोळखी माणसाची जीभही सैल होते, हे मी लहानपणी ओसरीवर बसून पाहिले आहे. उसाच्या हंगामात हाच पाहुणचार गुऱ्हाळावर होई. तिथे रसाचा तांब्या, काकवी आणि काहिलीतून नुकताच उतरवलेला गरम गूळ पाहुण्याच्या हातावर पडे. पैसे देण्या-घेण्याचा तिथे प्रश्न नसे. गुऱ्हाळावर आलेला माणूस रस न पिता परत जात नाही, हा अलिखित करार होता.

सातारा आणि सांगली हे खरे तर एकाच जिल्ह्याचे दोन भाग. 1949 मध्ये जुन्या साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. पाहुण्याच्या पेल्यात काय असेल हे मात्र जिल्ह्याच्या हद्दीने ठरवले नाही, पावसाने ठरवले. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; पूर्वेला माण, आटपाडी, जतकडे गेले की तो पाचशेच्या आसपास येतो. घाटमाथ्यावर करवंद, जांभूळ, आणि कुंभार्ली घाट चढून चिपळूणकडून येणारे कोकम. कृष्णा-कोयनेच्या काठाला ऊस, हळद, द्राक्षे. पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात ताक, ज्वारीच्या पिठाची आंबील, हुलग्याचे माडगे. एका दिवसात तुम्ही प्रतापगडाच्या पायथ्यापासून जतपर्यंत गेलात आणि वाटेत पाच घरी थांबलात, तर पाच वेगळे पेले पुढे येतील.

यातला पूर्वेचा पेला मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत घागरी रांगेला लागतात, तिथे पाहुण्यासमोर ठेवलेला भरला तांब्या म्हणजे घरातल्या कुणाच्या तरी वाट्याचे पाणी असते. त्या तांब्याबरोबर दुसरे काही नसले तरी स्वागत पुरे झालेले असते. थंडीत याच पट्ट्यात शाळू हुरड्यात येतो. मग गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजायची, तळहातावर चोळून गरम दाणे पाहुण्याच्या हातावर द्यायचे, बाजूला लसणाची चटणी, गूळ, घट्ट दही. जेवणाआधीचे खाणे म्हणून हुरड्याला बोलावतात खरे, पण त्यानंतरचे जेवण नावापुरतेच राहते.

लिखित परंपरेत या विषयाची पाळेमुळे फार मागे जातात. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ. त्यात जेवणाबरोबर पाण्याचा आणि पानकांचाही विचार आहे. पानक म्हणजे फळांच्या आंबट-गोड रसाचे पेय. आपले पन्हे या शब्दाचेच वंशज. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या मराठी पंडिताने ‘भोजनकुतूहल’ लिहिले आणि खाण्यापिण्याच्या वस्तूंचे गुणदोष एकत्र केले. दुसरा प्रवाह फारसी-अरबीचा. ‘सरबत’ हा शब्द ‘पिणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून निघाला आणि दख्खनच्या सुलतानी काळात इथे रुजला. कैरीचे ते पन्हे आणि लिंबाचे ते सरबत असे आपण सहज म्हणतो, तेव्हा दोन इतिहास एका ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवतो.

छापील मराठी पाकपुस्तकांचा काळ 1875 च्या ‘सूपशास्त्रा’पासून धरतात; 1910 मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ आले. आपल्या भागाचा वाटा यात मोठा आहे. किर्लोस्करवाडीहून 1930 मध्ये ‘स्त्री’ मासिक निघू लागले आणि स्वयंपाकघरातले ज्ञान छापण्याजोगे आहे हा विश्वास मराठी बायकांना आला. किर्लोस्करवाडीच्या शेजारच्याच कुंडलमध्ये 1913 साली कमलाबाई ओगले जन्मल्या. शाळेत फार शिकायला न मिळालेल्या या बाईंचे ‘रुचिरा’ 1970 मध्ये प्रसिद्ध झाले आणि वाटी-चमच्याची मापे देऊन त्याने महाराष्ट्रातल्या लाखो सुनांना धीर दिला. आमचे हे काम त्याच वाटी-चमच्याच्या वाटेने गेले आहे, आणि ते ऋण इथे नोंदवायलाच हवे.

आता या प्रदेशातल्या रीतींची घराणी पाहू. शेतकरी घराची गूळ-पाण्याची रीत वर आली. दुसरी पेठांतल्या आणि वाड्यांतल्या घरांची. वाई, सातारा, मिरज, सांगली इथल्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात ती पूर्ण फुललेली दिसते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचा महिना, बाहेर ऊन, आणि आत गार पन्हे, कैरी घातलेली वाटली डाळ, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. या तिन्हींची सांगड किती विचारपूर्वक आहे पाहा. पन्ह्यातला गूळ आणि मीठ उन्हाची भरपाई करतात, डाळीतली कैरी आणि मोहरी-हिंगाची फोडणी तोंडाला पाणी आणते, आणि डाळ न शिजवल्यामुळे चूल पेटवावी लागते ती फोडणीपुरतीच. पन्ह्याचे माप घराघरांत वेगळे आहे. कैरीच्या गराच्या दुप्पट गूळ हे सर्वसाधारण प्रमाण. साखर घातली की रंग उजळ येतो, चव मात्र उथळ होते, असे माझे स्पष्ट मत आहे. याच घराण्यात पानसुपारी आणि अत्तरगुलाबही येतात. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे नाटक रंगवले, त्या संस्थानी जगात मान देणे-घेणे बरेचसे विड्यावरच चाले.

या हळदीकुंकवाला विधवा बायकांना बोलावत नसत. पन्ह्याची चव सांगताना ही गोष्ट गाळणे बरे नाही. आता अनेक घरांनी तो दंडक मोडला आहे. ज्या घरी अजून मोडलेला नाही, त्यांनी मोडावा.

लग्नात या मधल्या वेळाला एक जुने नाव होते, रुखवत. आज रुखवत म्हणजे लोकरीच्या बाहुल्या, साखरेचे बंगले आणि भांड्यांची आरास. पण मुळात ते लग्न लागण्याआधी जानवशावर नवरदेवाकडे आणि वऱ्हाडाकडे न्यायचे खाणे: लाडू, करंज्या, चकल्या, शेव. लग्न लागेपर्यंत पंगत बसणार नाही, वऱ्हाड लांबून आलेले, पोरेबाळे भुकेजलेली, म्हणून ही शिदोरी. म्हणजे मेनूकार्डावर आज ज्याला स्टार्टर म्हणतात ते आपल्या लग्नात होतेच. आपण ते खायचे सोडून मांडायला लागलो.

तिसरी रीत सरबताची, आणि ती मोहरमशी बांधलेली आहे. कडेगावचे उंच ताबूत पाहायला दोन्ही समाजांची माणसे जमतात, आणि या भागातल्या कितीतरी गावांत पंजांना दाखवलेले सरबत सगळ्यांना वाटले जाते. करबलाच्या तहानेची आठवण म्हणून पाणी पाजायचे, ही त्यामागची भावना. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात रमजानच्या संध्याकाळी खजूर आणि सरबताने उपवास सुटतो. लोणंद-फलटणच्या वाटेवर ज्ञानेश्वर माउलींची पालखी येते तेव्हा गावोगावची माणसे रस्त्याकडेला केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि चहाची पातेली घेऊन उभी असतात. इथे यजमान कोण आणि पाहुणा कोण हे आधी ठरलेले नसते. तहानलेला आला की तो पाहुणा.

हे लिहिताना मला ज्याला पाणी मिळाले नाही त्या पाहुण्याविषयी लिहावेच लागेल. 1901 साली साताऱ्याहून लहानगे भीमराव आंबेडकर आणि घरची मुले वडिलांना भेटायला आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांचा माणूस घ्यायला आला नव्हता. मुलांची जात कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकून, रात्रीच्या प्रवासाला ती निघाली. बरोबर खाण्याचे पुष्कळ होते, पण वाटेत कुणी पाणी दिले नाही आणि पाण्यावाचून ते अन्न घशाखाली उतरले नाही. बाबासाहेबांनी ही हकिगत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात सांगितली आहे. ज्या जिल्ह्याच्या पाहुणचाराचे गोडवे आपण गातो त्याच जिल्ह्यातली ही वाट आहे. गूळ-पाण्याचा इतिहास लिहायचा तर या रात्रीसकट लिहावा लागतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले आणि सर्व जातींच्या मुलांना एका चुलीवरचे, एका पंगतीत जेवू घातले. त्या कामाचे मोल मसूरची वाट माहीत असल्याशिवाय नीट कळत नाही.

मग चहा आला. 1930 नंतरच्या दशकात चहा उत्पादकांच्या मंडळींनी देशभर प्रात्यक्षिके करून, फुकट पेले वाटून चहाची सवय लावली. गवळ्याचे दूध, गुळाची किंवा साखरेची गोडी, आल्याचा तुकडा किंवा गवती चहाची पात घालून आपण तो आपला केला. ‘च्या ठेव’ हे दोन शब्द आता गूळ-पाण्याच्या जागी उभे आहेत. चहाने एक चांगले केले: एरवी पाणीही एकमेकांच्या हातचे न घेणाऱ्यांना हॉटेलच्या बाकावर शेजारी बसवले, अर्थात तिथेही कितीतरी वर्षे काहींच्या कपबशा वेगळ्या ठेवल्या जात होत्या. आणि एक वाईटही केले. जेवायला बोलावलेल्या माणसाला जेवणाआधी अर्धा तास गोड, दुधाळ चहा पाजला की त्याची भूक मरते. दुपारच्या पंगतीआधी चहा विचारू नये, हे या पुस्तकात आम्ही ठासून सांगितले आहे.

भूक राखणे हीच खरी कसोटी. स्वागताचे खाणे पोट भरायला नसते. फ्रेंच लोक जेवणाआधीच्या पेयाला आपेरितिफ म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी ‘उघडणे’ हा लॅटिन अर्थ आहे. आपल्याकडे हे उघडण्याचे काम सर्वांत चांगले कोण करत असेल तर मटणाच्या बेतातले अळणी. मटण हळद, मीठ, आले-लसूण लावून शिजवले की तिखट घालण्याआधीचे ते पाणी वाटीत काढायचे, वर थोडी कोथिंबीर, आणि जेवणाची पाने मांडली जात असताना पाहुण्यांच्या आणि पोरांच्या हातात द्यायचे. ज्या घरी पांढरा रस्सा करतात तिथे तो आधी पेल्यातून येतो. गरम, खारट, हलका. चार घोटांत पोट जागे होते. यात्रेच्या दिवशी पै-पाहुण्यांच्या दहा खेपा होतात, तेव्हा चुलीवरचे हे पातेले सकाळपासून उतरत नाही. एवढा नेमका पदार्थ हातात असताना यात्रेच्या मांडवात मक्याच्या पिठाने घट्ट केलेले पाकिटातले सूप वाटलेले पाहिले की मला वाईट वाटते.

कोरड्या खाण्यात राज्य भडंगाचे. सांगली-जयसिंगपूर-कोल्हापूर या पट्ट्यातला टपोरा चिरमुरा, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, शेंगदाणे, तिखट, मीठ, किंचित पिठीसाखर. कृती सोपी दिसते, पण चिरमुरे आधी मंद आचेवर कुरकुरीत केले नाहीत आणि लसूण तेलात पुरता खरपूस झाला नाही, तर तासाभरात सगळे वातड होते. भडंगाचे मोठे सामर्थ्य म्हणजे ते हलके आहे. मूठभर खाल्ले तरी पंगतीला जागा उरते. त्याच्या शेजारी उन्हाळी वाळवणातली कुरडई, सांडगी मिरची, आणि कधी कोथिंबीर वडी. दारूबरोबरचा चखणा हाही याच कुळातला, आणि 2001 च्या राज्याच्या वाइन धोरणानंतर पलूसला द्राक्ष वाइनसाठी स्वतंत्र उद्यान उभे राहिले. पण मद्याचा विचार या पुस्तकाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे.

पाचगणी-महाबळेश्वरने आणखी एक शाखा जोडली. 1959 मध्ये पाचगणीत ‘मॅप्रो’ सुरू झाले. स्ट्रॉबेरी, तुती, रासबेरी ही हंगामापुरती फळे साखर आणि आम्लाच्या बळावर बाटलीत टिकू लागली आणि क्रशची बाटली दिवाळीपर्यंत कपाटात राहू लागली. मे महिन्यात सुट्टीला आलेले पाहुणे जाताना ती घेऊन जात आणि आपल्या गावी पाहुण्यांपुढे ठेवत. घाटावरचे स्वागत असे मुंबई-पुण्यात पोचले.

मग हे सगळे आजच का लिहायचे? कारण गेल्या पंचवीसेक वर्षांत घरचे कार्य घरातून उठून लॉनवर गेले आणि स्वागताची जबाबदारी केटररकडे गेली. त्याला पाचशे माणसांना दहा मिनिटांत पेले पोचवायचे असतात, म्हणून रंगीत सिरप आणि सोडा. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये, सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये, हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आणि त्याच मातीतल्या लग्नात निळ्या रंगाचे पाणी पाहुण्याच्या हातात येते, मागोमाग तेलकट मंचुरियनचे चार गोळे. पाहुणा तिथेच भरतो आणि पंगतीतली पुरणपोळी ताटात राहते. दोष केटररचा एकट्याचा नाही. आपण त्याला दुसरे काही मागत नाही, कारण शेकडो माणसांचे पन्हे कसे करायचे याचा हिशेब कुणी लिहून ठेवलेला नाही. तो या पुस्तकात आहे: गर आदल्या दिवशी कसा काढायचा, पाणी किती वेळ आधी मिसळायचे, बर्फ पेल्यात न घालता पातेल्याभोवती का लावायचा.

दुसरे कारण मधुमेह. आज कुठल्याही बैठकीत दोघे-तिघे तरी ‘साखर नको’ म्हणतात आणि संकोचून नुसता पेला हातात धरून बसतात. पाहुण्याला संकोच वाटला तर ते स्वागत कसले? ताक, मठ्ठा, जिरे-पुदिन्याचे पाणी, बिनसाखरेचे कोकमाचे आगळ, अळणी. आपल्या परंपरेत खारट आणि आंबट पेये भरपूर आहेत. ती गोड पेयांच्या बरोबरीने, न मागता, पहिल्याच ट्रेमध्ये असावीत म्हणून आम्ही प्रत्येक गोड पेयाच्या जोडीला एक खारे पेय दिले आहे. तिसरे कारण पेला. खुर्चीखुर्चीवर ठेवलेली आणि दोन घोटांनंतर टाकलेली पाण्याची छोटी बाटली पाहताना, चिंच लावून घासलेले फुलपात्र वाढणाऱ्या हातांची आठवण येते. धुणे-घासणे कष्टाचे आहे आणि ते आजवर बायकांवर पडले, हे मान्य करूनच त्यावर काय करता येईल ते एका स्वतंत्र भागात लिहिले आहे.

पुस्तकाची बांधणी ऋतूंनुसार आहे, कारण या भागात पाहुणे ऋतूंनी येतात: चैत्रात हळदीकुंकू, उन्हाळ्यात लग्ने, आषाढात वारी, कोजागरीला मसाला दूध, थंडीत हुरडा आणि गुऱ्हाळ. प्रत्येक कृती दोन मापांत आहे, घरच्या दहा माणसांची आणि कार्याच्या दोनशेंची. कोल्हापूर आणि सोलापूर यांना आम्ही हात लावलेला नाही. त्यांची पुस्तके त्यांनी लिहावीत. एकाच पदार्थाच्या तीन-चार रीती मिळाल्या तिथे सगळ्या दिल्या, कुठली अस्सल हे ठरवायला बसलो नाही.

पहिली कृती गूळ-पाण्याची आहे. साहित्य दोनच, त्यामुळे ती सर्वांत सोपी जाईल असे वाटले होते. पण गूळ किती, यावर आमचे आठवडाभर अडले. वजन लिहावे तर ते खोटे वाटे, ‘आवडीनुसार’ लिहावे तर तो आळस. शेवटी खटावकडच्या एका म्हाताऱ्या मावशींना विचारले. त्यांनी ढेपेवर बत्ता मारला, उडालेल्या तुकड्यांतून एक निवडला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘गालात धरून बोलता यावं, एवढा.’ तेच माप छापले आहे.